पिसदुऱ्याचं पाताळ

ज्यूल व्हर्नची माणसं १८६४मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीतून पृथ्वीच्या पोटात उतरली. १८६७च्या आवृत्तीत त्यानं मॅस्टोडॉनांचा कळप राखणारा एक अवाढव्य आदिमानवही घातला. त्याला पाहून प्रोफेसर आणि पुतण्या पळ काढतात. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला, आणि आदिम जग म्हणजे असं कुठलं तरी लांबचं विवर, हे आमच्या पिढीच्या डोक्यात पक्कं बसलं. गुरुग्रामात अनुवादाला बसले की मीही ‘पाताळ’च लिहिते. त्या शब्दानं नागलोक आठवतो, वरोरा नाही.

पण कादंबरी छापून येण्याआधीच नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्यात जीवाश्म हाडं सापडली होती. ती डायनोसॉरांची. तिथल्याच अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष आढळल्याचं २००५मध्ये प्रसिद्ध झालं. डायनोसॉरांच्या काळात गवत असेल, हेच तोवर फारसं कुणी धरलं नव्हतं.

१८६३च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना हिस्लॉप पुराच्या पाण्यात बुडाले. व्हर्नचा प्रोफेसर पुढच्याच वर्षी स्ट्रॉम्बोलीच्या तोंडातून सुखरूप वर आला.