औषधी द्रव्ये आणि पीककिडींची वाढ

माणसाने किंवा जनावराने घेतलेल्या औषधाचा काही भाग शरीरात न मोडता मलमूत्रावाटे सांडपाण्यात उतरतो आणि प्रक्रिया केंद्रातूनही थोडाफार निसटतो. ही द्रव्ये कालांतराने विघटित होतात खरी, पण रोज नवी भर पडत असल्याने पाण्यातला त्यांचा अंश काही संपत नाही. असे पाणी पिकाला दिले, की मुळांवाटे पानात आणि पानातून अळीच्या पोटात औषध पोहोचू शकते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील कीटकशास्त्रज्ञांनी हा प्रवास कोबीवरील उंटअळीत (ट्रायकोप्लुसिया नी) तपासला. नावाला कोबीची असली, तरी टोमॅटोही तिला चालतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सांडपाण्यात आढळणाऱ्या प्रमाणातच औषधे कृत्रिम खाद्यात मिसळली होती. प्रतिजैविके, संप्रेरके किंवा सर्वांचे मिश्रण खाणाऱ्या अळ्यांची वाढ लांबली आणि मरही वाढली. मातीविना, पोषक द्रावणावर वाढवलेल्या टोमॅटोला प्रतिजैविके दिल्यावर त्यावरच्या अळ्याही अधिक मेल्या. झाडाच्या ऊतींत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडले. अळ्यांमधील जिवाणूंचा समूहही बदलला होता.

प्रतिजैविक जिवाणूंवर चालते, मग कीड का खंगावी? याचे सर्वांत स्पष्ट उत्तर माव्यात मिळते. मावा शोषतो त्या रसात आवश्यक अमिनो आम्ले तुटपुंजी असतात. ती त्याच्या शरीरातील विशिष्ट पेशींत राहणारे बुखनेरा जिवाणू पुरवतात. प्रयोगशाळेत प्रतिजैविकाने हे भाडेकरू मारले, तर मावा खुरटतो आणि त्याची पिलावळ जवळपास थांबते. संप्रेरकांची गोष्ट वेगळी आहे. गर्भनिरोधक गोळीतील इथिनिल इस्ट्राडिओल हे स्टेरॉइड आहे आणि कीटकाची कात टाकण्याची क्रिया चालवणारे एक्डायसोनही स्टेरॉइडच; या साधर्म्यामुळे अळीच्या वाढीत ढवळाढवळ होत असावी.

भारतात हा विषय परका नाही. हैदराबादजवळच्या पटनचेरू येथे औषध कारखान्यांच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिनचे प्रमाण लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्याचे सांडपाणीही मुंढवा येथील जॅकवेलमधून (पाणी उपसण्याच्या विहिरीतून) कालव्यात सोडून शेतीला दिले जाते.

अळी मरते म्हणून या द्रव्यांना फुकटचे कीडनाशक समजणे मात्र चूक ठरेल. जे औषध अळीपर्यंत जाते, ते आधी पिकात उतरलेले असते आणि त्याच पाण्यातले, मातीतले जिवाणू त्याला दाद न देण्यास सरावतात.