दोन ग्रंथालये, दोन दारे



ग्रंथालय हा शब्द एक असला तरी त्या नावाखाली दोन निरनिराळ्या कुळांतील संस्था नांदतात. एक, गावच्या नागरिकांनी वर्गणी गोळा करून काढलेले सार्वजनिक वाचनालय. दुसरे, विद्यापीठाने अगर महाविद्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांकरिता ठेवलेले ग्रंथालय. दोहोंचा भेद पुस्तकांच्या संख्येवरून सांगण्याचा प्रघात आहे. परंतु कर्जतहून आगगाडीने जाऊन अशी काही ग्रंथालये प्रत्यक्ष पाहिल्यावर माझे मत असे झाले की, खरा भेद दाराशी आहे.

आमच्या लोहमार्गावर या दोन्ही कुळांची जुनी घराणी आहेत. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 चे, म्हणजे बोरघाटातून आगगाडी धावू लागल्याच्या दुसऱ्याच वर्षाचे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय विनायक लक्ष्मण भावे प्रभृतींनी 1893 मध्ये स्थापिले. उलटपक्षी मुंबई विद्यापीठाचे जुने ग्रंथालय राजाबाई मनोऱ्याच्या इमारतीत आहे. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभारलेली ही वास्तू 1878 मध्ये पूर्ण झाली. रंगीत काचांतून येणारा तेथील प्रकाश पाहिला की, विद्येला आपल्याकडे देवळाचा मान होता याची खूण पटते.

सार्वजनिक वाचनालयात कोणीही शिरावे, वर्तमानपत्र उघडावे. कोणी विचारीत नाही. कादंबऱ्यांची बांधणी हाताळून सैल झालेली असते, आणि हेच त्या पुस्तकांचे भूषण होय. मात्र तेथे वाचकाची मागणी हाच कायदा. ज्या ग्रंथाला दहा वर्षे कोणी हात लावला नाही, त्याला जागेच्या टंचाईत कपाट कोठून मिळणार? त्यात कोकणची दमट हवा आणि वाळवी. विद्यापीठीय ग्रंथालयाचा धर्म याहून वेगळा. पन्नास वर्षांनी एखादाच अभ्यासक येईल, एवढ्या आशेवर तेथे ग्रंथ जतन होतो. पण तेथील दार ओळखपत्र पाहून उघडते. एका महाविद्यालयात मला शिफारसपत्र मागण्यात आले. मजसारख्या केवळ मॅट्रिक झालेल्या निवृत्त मास्तराने ते कोणाकडून आणावे?

या भेदाचे महत्त्व आमच्याच भूमीतील एका उदाहरणाने स्पष्ट होईल. खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीत 2 फेब्रुवारी 1661 रोजी शिवाजी महाराजांनी कारतलबखानाचा कोंडमारा केला. या प्रसंगाचे वर्णन कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात आहे. त्या काव्याची हस्तलिखित प्रत टिकली ती येथे नव्हे, दूर तंजावरास. तेथील भोसले राजांचा सरस्वती महाल हा ग्रंथसंग्रह 1918 मध्ये सर्वांस खुला झाला. पुढे सदाशिव महादेव दिवेकर यांनी 1927 मध्ये ‘शिवभारत’ मराठी भाषांतरासह प्रसिद्ध केले, तेव्हा खिंडीच्या पायथ्याच्या वाचकाला ती हकीकत स्वभाषेत मिळण्याची सोय झाली. ती पोथी कोणी जपली नसती तर छापावयास काही उरले नसते. आणि छापील प्रत गावच्या वाचनालयात न पोचली तर जपल्याचे फळ लोकांस मिळत नाही. जतन आणि प्रसार या दोन कामांची अशी गाठ आहे.

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 चा. त्यान्वये वाचनालयांची अ, ब, क, ड अशी प्रतवारी होऊन अनुदान मिळते. महाविद्यालयांची ग्रंथालये या व्यवस्थेबाहेर राहतात. परिणामी एकाच गावात दोन ग्रंथालये शेजारी असूनही परस्परांना अपरिचित असतात. कर्जत व खोपोली या दोन्ही ठिकाणी आज महाविद्यालये आहेत. त्यांनी आठवड्यातून एक दिवस गावकऱ्यांस बसून वाचण्याची मोकळीक द्यावी, आणि वाचनालयांनी आपल्याकडील दुर्मीळ जुने ग्रंथ त्यांच्याकडे सुरक्षित ठेवावयास द्यावेत. याला मोठा खर्च नाही. एक यादी व थोडा परस्परविश्वास पुरे.

शाळा सुटल्यावर ज्याचे शिक्षण थांबले, अशा माणसाला पुढचे दार ग्रंथालयाचेच असते. ते त्याच्या गावात उघडे असावे, एवढीच माझी विनंती.