कर्वेनगर : महिला महाविद्यालयांतील प्रवेश, पात्रता व अर्थसाहाय्य

पुणे शहराच्या नैर्ऋत्येकडील कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्यास सहा एकर जमीन दिली आणि १९०० साली आश्रम तेथे आला. आरंभी प्रवेश विधवांना होता. १९०७ मध्ये महिला विद्यालय निघाल्यावर कुमारिका व विवाहित स्त्रियांसाठीही दार उघडले. आश्रमाच्या व्यवस्थेत निवास, जेवण आणि शिक्षण यांचा एकत्र विचार होता, ही बाब आजही लक्षात घेण्याजोगी आहे. या व्यवस्थेच्या खर्चासाठी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई यांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनी गावोगाव फिरून व पुढे अमेरिकेत जाऊन निधी उभा केला. दिवाळीत घराघरांतून लहान रकमा जमवणारा भाऊबीज निधी ही संस्थेची आणखी एक जुनी परंपरा.

आज याच आश्रमातून वाढलेल्या महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या येथील आवारात शाळा, अभियांत्रिकीचे कमिन्स महाविद्यालय (१९९१), भानुबेन नानावटी वास्तुकला महाविद्यालय, व्यवस्थापन संस्था आणि व्यवसायशिक्षणाचे वर्ग आहेत. प्रत्येकाचे नियम निराळे असल्याने पालकांचे प्रश्नही निराळे पडतात.

अभियांत्रिकी पदवीसाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित असावे लागते. राज्याच्या सीईटी कक्षाची एमएचटी-सीईटी देऊन ‘कॅप राउंड’मधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून, जागा मिळते. वास्तुकलेसाठी ‘नाटा’सारखी अभियोग्यता परीक्षा लागते. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका केलेल्या मुलीस ‘डायरेक्ट सेकंड इयर’ला प्रवेश मिळू शकतो. त्यासाठी सीईटी नसून पदविकेचे गुण पाहिले जातात. ज्या घरात चार वर्षांचा खर्च एकदम पेलवत नाही, तेथे ही वाट अधिक जवळची ठरते, पण दहावीच्या निकालाच्या वेळी ती पुरेशी सांगितली जात नाही. शाळा मध्येच सुटलेल्या स्त्रीला १७ नंबरचा अर्ज भरून खासगी विद्यार्थिनी म्हणून दहावी-बारावी देता येते. अशा स्त्रियांनाही उपयोगी पडणारी ‘कम्युनिटी कॉलेज’ ही कल्पना भारतात १९९५ मध्ये पाँडिचेरीत रुजली आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगानेही तिच्यासाठी योजना आणली. स्थानिक रोजगाराला जोडलेले, कौशल्यप्रधान, छोट्या मुदतीचे शिक्षण हे तिचे मर्म. हिंगण्याच्या जुन्या कामाशी तिचे नाते जवळचे आहे.

कागदपत्रांत अधिवास दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र आणि लागू असल्यास नॉन-क्रिमीलेयर यांची गरज पडते. जातवैधतेला वेळ लागतो, म्हणून तिचा अर्ज अकरावी-बारावीतच करावा. निकालानंतर धावपळ करणाऱ्या मुलीची मिळणारी जागाही हातची जाऊ शकते.

शुल्काबाबत मोठा बदल ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने झाला. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्काची शंभर टक्के सवलत मिळू लागली. पूर्वी ती पन्नास टक्के होती. प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्याला ही सवलत नाही. अर्ज ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावर करायचा आणि बँकखाते आधारशी जोडलेले ठेवायचे. अनुसूचित जाती-जमातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती स्वतंत्र आहे.

मात्र शुल्काची ही सवलत वसतिगृह आणि मेसच्या खर्चाला लागू होत नाही. बीड वा लातूरहून येणाऱ्या मुलीचे घर अनेकदा याच खर्चापाशी अडते. शिवाय वसतिगृहाचा प्रवेश महाविद्यालयाच्या प्रवेशापासून वेगळा असतो, तो गृहीत धरू नये. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना उपयोगी पडते. शुल्कमाफीचा अर्ज करतानाच यांपैकी लागू असलेल्या योजनेचीही चौकशी करावी.