निकाहची फुलं रेझिनमध्ये जपायची आहेत? आधी योग्य इपॉक्सी निवडा

निकाहच्या हारातली फुलं, नावाच्या पाट्या, किचेन अशी इपॉक्सी रेझिनची कामं आता घरबसल्या होऊ लागली आहेत. पाटी बिघडली तर दुसरी करता येते, निकाहची फुलं मात्र पुन्हा मिळत नाहीत. म्हणून खरेदीआधी काय पाहायचं, ते आम्ही इथे देत आहोत.

कोटिंगचं की कास्टिंगचं?
कोटिंगचं रेझिन घट्ट असतं आणि लवकर जमतं. ते साधारण 3 मिलिमीटरच्या पातळ थरासाठी असतं. साच्यात जाड ओतायचं असेल तर कास्टिंगचं घ्यावं. ते पातळ असतं आणि हळू जमतं, त्यामुळे बुडबुड्यांना वर येऊन फुटायला वेळ मिळतो. एका वेळी किती जाडीचा थर ओतायचा, हे डब्यावर पाहावं.

वऱ्हाडचं ऊन
रेझिनमध्ये हार्डनर मिसळलं की उष्णता तयार होते. डब्यावरचा वेळ बहुधा 25 अंशांसाठीचा असतो. तापमान 10 अंशांनी वाढलं की तो जवळपास निम्मा होतो. मे महिन्यात अकोला-अमरावतीचा पारा 45 पर्यंत गेला, तर 40 मिनिटांची जेमतेम 10 मिनिटं उरतात. मग मिश्रण कपातच तापतं, धूर निघतो, तडे जातात. उन्हाळ्यात हळू जमणारं हार्डनर घ्यावं, फजरनंतरच्या गारव्यात काम करावं आणि थर पातळ ठेवावेत. पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्याने पृष्ठभाग चिकट किंवा पांढुरका होऊ शकतो, त्यामुळे खोली कोरडी हवी.

माप चुकवू नका
प्रमाण 2:1 असो वा 3:1, ते वजनाचं आहे की आकारमानाचं, हे नीट वाचावं. जास्त हार्डनर टाकलं की लवकर सुकतं, हा गैरसमज आहे. तसं केलं तर वस्तू मऊ किंवा चिकट राहते.

चकाकीसाठी
साचा आतून चकचकीत हवा, कारण वस्तूवर त्याचीच छाप उतरते. फुलं सिलिका जेलमध्ये पूर्ण वाळवावीत. ओलावा राहिला तर बुडबुडे येतात आणि फुलं काळी पडतात. पिवळेपणा उशिरा यावा म्हणून यूव्ही संरक्षण असलेलं रेझिन घ्यावं.

नायट्राइलचे हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि मुलांना दूर ठेवावं. नवा डबा आणला की आधी साध्या वाळलेल्या फुलांवर छोटी चाचणी घ्या, निकाहची फुलं त्यानंतरच साच्यात ठेवा.