ओवेन्सच्या हातातली खुरपी

१९३६, बर्लिन ऑलिम्पिक. १०० मीटरच्या शर्यतीआधी जेसी ओवेन्स खाली बसून धावपट्टी उकरतो आहे. हातात छोटी खुरपी, समोर चवड्यांपुरते दोन खड्डे. पुढे १०.३ सेकंदांत तो सुवर्णपदक जिंकतो.

जगातल्या सर्वांत वेगवान धावपटूला खड्डे का खणावे लागत?

पायाने जमीन मागे रेटली की जमीन तेवढ्याच जोराने शरीराला पुढे ढकलते. ओणवे बसले म्हणजे शरीराचा भार पावलांच्या पुढे येतो आणि पहिलाच रेटा अधिक आडवा बसतो. १८९६च्या अथेन्स ऑलिम्पिकच्या प्रसिद्ध छायाचित्रात अमेरिकेचा थॉमस बर्क असा ओणवा दिसतो. शेजारी तसे कोणी नाही. १०० मीटर बर्कनेच जिंकली.

मात्र आडव्या रेट्याला मागे टेकू हवा. कोळशाच्या चुऱ्याची धावपट्टी पायाखालून सरकत असे, म्हणून हे खड्डे. त्यांच्या कडा ढासळत, आणि एकाने उकरलेली जागा पुढच्याच्या वाट्याला येई.

१९२०च्या दशकाच्या अखेरीस आयोवा विद्यापीठाचे प्रशिक्षक जॉर्ज ब्रेस्नहन यांनी यावर उपाय काढला: पायाला टेकू देणारे, जमिनीत रोवायचे तिरके ठोकळे, म्हणजेच स्टार्टिंग ब्लॉक. त्यांचे पेटंटही त्यांनी घेतले.

जून १९२९मध्ये शिकागो येथे जॉर्ज सिम्पसन हे ठोकळे वापरून १०० यार्ड ९.४ सेकंदांत धावला. तोवर इतक्या कमी वेळेची नोंद विश्वविक्रमात नव्हती. आंतरराष्ट्रीय महासंघाने ती नाकारली. ठोकळे ही कृत्रिम मदत ठरली. खुरपीने खणलेला खड्डा मात्र नैसर्गिक! पुढच्याच वर्षी फ्रँक वायकॉफने ठोकळ्यांविना तेच ९.४ सेकंद नोंदवले आणि विक्रम त्याच्या नावे लागला.

महासंघाने ठोकळ्यांना मान्यता दिली ती १९३७ साली, बर्लिननंतर वर्षभराने. ऑलिम्पिकमध्ये ते १९४८ साली लंडनला आले. सिम्पसनची वेळ तरीही विक्रमांच्या यादीबाहेरच राहिली.

आज मोठ्या स्पर्धांत त्याच ठोकळ्यांत संवेदक असतात. बंदुकीच्या आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत रेटा पडला, तर ती चुकीची सुरुवात. २०२२च्या जागतिक स्पर्धेत ११० मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत डेव्हन ॲलनची नोंद ०.०९९ आली. सेकंदाच्या एक हजारांशाने तो बाद झाला.