‘टोटल लॉस’ झालेली सेकंड हँड गाडी घेताय? आधी हे तपासा

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडवरच्या एकता नगरीत पाणी शिरलं. दोन्ही वेळा पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. अशा सगळ्याच गाड्या भंगारात जात नाहीत. काही धुऊन-पुसून, नवे सीट कव्हर घालून पुन्हा विकायला येतात. बाजारभावापेक्षा लाखभर स्वस्त गाडी दिसली, तर आधी हा लेख वाचा.

टोटल लॉस म्हणजे काय?

विमा कंपनी गाडीची जी किंमत धरते तिला आयडीव्ही म्हणतात. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरली जाते. उदा. आयडीव्ही ६ लाख असेल, तर मर्यादा ४.५ लाख. कंपनी मालकाला पैसे देते आणि गाडी ‘साल्व्हेज’ म्हणून लिलावात विकली जाते. तीच गाडी एखादं गॅरेज जुने पार्ट टाकून कमी खर्चात उभी करतं.

आरसी जिवंत आहे का?

गाडी कायमची निकामी झाली असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवायचं असतं. त्यानंतर नोंदणी रद्द होते. अशी गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका, ती तुमच्या नावावर होणार नाही. एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाकून आरसीची स्थिती, विम्याची तारीख आणि कर्जाचा बोजा बघा. पण आरसी ॲक्टिव्ह दिसली म्हणजे गाडी बुडालीच नव्हती, असं नाही. त्यामुळे मालकाकडे जुन्या पॉलिसी, क्लेमची कागदपत्रं आणि सर्व्हिस रेकॉर्ड मागा.

चासी नंबर जुळवा

भंगारातल्या गाडीचा नंबर चोरीच्या गाडीवर चढवण्याचे प्रकार होतात. अशी गाडी पोलिसांनी जप्त केली, तर तुमचे पैसेही गेले. म्हणून चासी नंबर आरसीवर आणि गाडीवर, दोन्हीकडे एकच आहे का ते बघा. ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर आणि मोबाइल ॲप वापरून बऱ्याच गाड्यांच्या ईसीयूमधला नंबरही वाचता येतो.

गाडी कशी बघायची?

- सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आत चिखलाचा डाग असेल तर समजून जा.
- स्टेपनीची जागा, कार्पेटच्या खाली आणि सीटच्या बोल्टवर गंज बघा.
- इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझायला हवा. लागलाच नाही, तर कोणीतरी तो बंद केलेला असू शकतो.
- स्कॅनरमध्ये एकही एरर नाही, पण ‘रेडीनेस’ चाचण्या अपूर्ण दिसतायत? एरर नुकतेच पुसलेले असू शकतात किंवा बॅटरी काढलेली असू शकते. दोन-तीन दिवस गाडी चालवून झाल्यावर पुन्हा स्कॅन करा.

विम्याचं काय?

गाडी विकत घेतल्यावर थर्ड पार्टी विमा आपोआप तुमच्याकडे येतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं कव्हर येत नाही. त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो. पॉलिसी संपलेली असेल, तर कंपनी आधी गाडीची तपासणी करते, हल्ली बऱ्याचदा मोबाइलवरच्या व्हिडिओने. प्रपोजल फॉर्ममध्ये विचारलेली माहिती खरी लिहा. गाडी आधी टोटल लॉस होती हे लपवलं, तर क्लेमच्या वेळी कंपनी हात वर करू शकते.

साध्या पॉलिसीत पाण्यात गाडी सुरू केल्याने झालेलं इंजिनचं नुकसान सहसा मिळत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं ॲड-ऑन लागतं. टोकन देण्याआधीच दोन-तीन कंपन्यांना नंबर देऊन कोट मागा. फुल कव्हर कोणीच देत नसेल, तर पुढचा प्रत्येक खर्च तुमच्या खिशातून जाणार. तो धरूनच किंमत ठरवा, नाहीतर दुसरी गाडी बघा.