पुण्यातील फौजदारी न्याय : कोतवालीच्या दंडापासून समाजसेवेच्या शिक्षेपर्यंत

पेशवाईतील पुण्यात फौजदारी न्यायाचा मोठा भार कोतवालीवर होता. शहराचा बंदोबस्त आणि बाजारातील वजनेमापे पाहणारा कोतवालच लहानसहान गुन्ह्यांचा निवाडा करी, आणि ‘गुन्हेगारी’, म्हणजे अपराध्याकडून घेतलेला दंड, ही कोतवालीच्या जमेची एक बाब असे. रामशास्त्री प्रभुण्यांसारखा निःस्पृह न्यायाधीश याच शहरात होऊन गेला खरा, तथापि पकडणारा, आरोप ठेवणारा आणि शिक्षा देणारा एकच असण्यातला धोका त्यामुळे टळला नाही, हे अधिकाराचा गैरवापर करणाऱ्या घाशीराम कोतवालाच्या कारकिर्दीने आणि १७९१ मधील त्याच्या अंताने दाखवून दिले.

१८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर ब्रिटिश प्रशासक एल्फिन्स्टनच्या व्यवस्थेत पुण्याचा कलेक्टर कॅप्टन रॉबर्टसन याच्याकडे महसूल, पोलीस आणि फौजदारी न्याय ही तिन्ही कामे आली. कमी माणसांत राज्य चालवण्याची ही सोय होती. पुढे मॅजिस्ट्रेटच्या कोर्टांत सरकारची बाजू मांडण्याचे काम ‘पोलीस प्रॉसिक्युटर’, म्हणजे पोलीस खात्यातील अभियोक्ता, करू लागला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने सहायक सरकारी अभियोक्त्याचे पद पोलिसांपासून वेगळे केले, तरी महाराष्ट्रात या अभियोक्त्यांवर पोलीस खात्याचे नियंत्रण टिकून राहिले, आणि स्वतंत्र अभियोग खाते निर्माण करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला १९९५ मध्ये द्यावा लागला.

शिक्षेच्या सुधारणेचीही अशीच परवड झाली. मुंबई प्रांताने १९३८ मध्येच परिवीक्षेचा, म्हणजे अपराध्याला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याचा, कायदा केला. १९५८ मध्ये केंद्राचा कायदा आला. मात्र अपराध्याची घरची स्थिती तपासून अहवाल देणारा परिवीक्षा अधिकारी वेळेवर उपलब्ध नसेल, तर मॅजिस्ट्रेटपुढे दंड किंवा कैद हेच दोन हाताशी असलेले मार्ग उरतात. तुंबलेल्या खटल्यांवर उपाय म्हणून २००६ मध्ये ‘प्ली बार्गेनिंग’, म्हणजे आरोपीने अर्ज करून गुन्हा कबूल करण्याच्या बदल्यात सौम्य शिक्षा मिळवण्याची पद्धत, लागू झाली. परंतु फायलींच्या ओझ्याखालील अभियोक्त्याने घाईत मान्य केलेली तडजोड पीडितावर अन्याय करू शकते, आणि वकिलाचा खर्च न झेपणारा निरपराध केवळ खटला संपावा म्हणूनही कबुली देऊ शकतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने काही किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवेची शिक्षा आणली आहे. पुण्यातील शिवाजीनगरच्या कोर्टाला तिची अंमलबजावणी पाहणारी माणसे शासनाने दिली नाहीत, तर ती कागदावरच राहील.